सुशीलाबाईंना समजलं का?

असे किस्से कुणी मुद्दाम जमवायला बसत नाही. कपाटात कोंबलेल्या पिशव्यांसारखे ते आपोआप साठत जातात आणि एक ओढायला गेलं की दहा अंगावर पडतात. आमच्या पाक्षिकाच्या ऑफिसातले तर इतके झालेत की मी तोंड उघडलं की मुलगा विचारतो, "आई, आज सर की सुशीलाबाई? आधी सांग, म्हणजे किती वेळ बसायचं ते ठरवतो!"

गोष्ट नव्वदीतली. आठ पानांचं पाक्षिक. जगभरात चाललेल्या संशोधनाच्या बातम्या सोप्या मराठीत द्यायच्या. फिजिक्स, इंजिनिअरिंग, टेलिफोन, मेडिकल, काहीही वर्ज्य नाही. ऑफिस शनिवार पेठेत, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. संपादक गोगटे सर, फिजिक्सचे रिटायर्ड प्रोफेसर. मी उपसंपादक, म्हणजे मुख्यतः भांडायला ठेवलेली. आणि आधी टाइपरायटर, नंतर कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या सुशीलाबाई कांबळे. माणसं तीनच, पण खालचा दुकानदार म्हणायचा, "वर काय, सभा असते का हो रोज?"

*

हा किस्सा मी रुजू होण्याआधीचा. पण तो दोघांकडूनही ऐकलाय, आणि दोघांचं सांगणं तंतोतंत जुळतं. एरवी त्यांचं घड्याळातल्या वेळेवरही एकमत नसायचं.

सुशीलाबाईंचा नोकरीतला पहिला आठवडा. त्यांनी टाइप केलेला कागद सरांपुढे ठेवला आणि म्हणाल्या, "सर, एकही चूक नाही. पण मला यातलं ओ की ठो कळलं नाही."

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "मग चूक कुणाची?"

"लिहिणाऱ्याची."

लिहिणारे सरच होते!

त्या दिवसापासून नियम झाला. प्रत्येक मजकूर सुशीलाबाईंना मोठ्याने वाचून दाखवायचा. त्या "समजलं" म्हणाल्या तर प्रेसला, "नाही समजलं" म्हणाल्या तर परत. पुढे अपील नाही. मोठमोठे डॉक्टरेटवाले त्यांच्या टेबलापुढे तोंडी परीक्षेला आल्यासारखे उभे राहायचे.

माझा पहिला लेख चार वेळा परत आला. मी बाथरूममध्ये जाऊन रडले, खोटं कशाला सांगू? दुसऱ्या दिवशी बुद्धपौर्णिमेची सुट्टी होती. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी डबाभर खीर आणली आणि म्हणाल्या, "लेख वाईट नव्हता हो. पण तुम्ही लोकांना सांगायला लिहिता की घाबरवायला?" खीर उत्तम होती. लेख मी पाचव्यांदा लिहिला.

*

सरांच्या हृदयाबद्दल आत्ताच सांगायला हवं, कारण त्या सगळ्या वर्षांत आमच्या डोक्यावर टांगती तलवार होती ती हीच.

सर जिना चढताना मधल्या वळणावर थांबायचे आणि विजेचे मीटर वाचत उभे राहायचे. आम्हाला वाटायचं, काय हा चौकसपणा! मग कळलं की त्यांना दम लागतो. डॉक्टरांनी सांगितलं, तीन ठिकाणी अडथळा आहे, बायपास करा, लांबवू नका.

पृथ्वीच्या पाठीवर कुठेही लागलेल्या शोधावर विश्वास ठेवणारा हा माणूस, स्वतःच्या रिपोर्टवर मात्र ठेवेना! डॉक्टरांना म्हणाले, "तुमचे आकडे हजारो माणसांवरून काढलेले आहेत. मी एकच आहे."

डॉक्टर म्हणाले, "म्हणूनच सांगतोय, सर!"

पण सर हलले नाहीत. "हा अंक निघू दे," एवढंच म्हणाले. पाक्षिकाचा हा एक मोठा तोटा. दर पंधरा दिवसांनी नवी सबब तयार असते.

*

एकदा बातमी होती लेसरची. लेसरच्या प्रकाशाने अणू गार करता येतात. अगदी खरी बातमी, जगभर गाजलेली. मी वाचून दाखवली.

सुशीलाबाई म्हणाल्या, "प्रकाशाने गार? म्हणजे एप्रिलात उन्हात उभं राहिलं की थंडी वाजायला हवी."

मी समजावलं. अणू जितका जोरात पळेल तितका गरम. समोरून प्रकाशाचा मारा केला की त्याचा वेग कमी होतो, आणि वेग कमी झाला की तो गार होतो. "नाही समजलं." सरांनी फळ्यावर बाण काढले. "नाही समजलं." दोन दिवस गेले. प्रेसवाल्याचे फोन सुरू झाले.

तिसऱ्या दिवशी बाई आल्या, पर्स ठेवली आणि म्हणाल्या, "स्वारगेटला मी बस पकडायला पळत होते. समोरून नुकतीच एक गाडी रिकामी झालेली. सगळी माणसं माझ्या अंगावर! एक धक्का इकडून, एक तिकडून. पळता पळता मी चालायला लागले आणि शेवटी जागच्या जागी उभी! असंच ना?"

सर खुर्चीतून उठलेच. "असंच! अगदी हेच लिहा!"

तसंच छापलं. एका कॉलेजातल्या प्रोफेसरांचं पत्र आलं, "इतकी वर्षं हा विषय मी वर्गात शिकवत होतो. यापुढे मुलांना स्वारगेटला नेईन."

*

मग आमच्याकडे ई-मेल आली. आयटीत गेलेल्या सरांच्या एका विद्यार्थ्याने, समीरने, येऊन टेलिफोनच्या लाइनवर मोडेम बसवून दिला. "सर, बेसिकली आता तुम्ही वर्ल्डशी कनेक्टेड आहात!"

पहिली मेल पाठवायची होती मुंबईच्या एका शास्त्रज्ञांना. लेख होता दूरसंचारातल्या नव्या शोधांवर. सरांना धीर कुठला! त्यांनी आधी फोन करून कळवलं, "मेल पाठवतोय हं." मग मोडेम लावला. तो कर्र-कर्र करत बसला आणि जोडला गेल्यासारखा वाटला, तोवर सरांनी "आली का?" विचारायला शेजारचा रिसीव्हर उचलला. लाइन एकच. मोडेम तुटला. पुन्हा लावला. पुन्हा सरांनी फोन उचलला!

असं चारदा झालं. शेवटी सर वैतागून मुंबईला फोन लावून म्हणाले, "तुम्ही कागद-पेन्सिल घ्या, मी वाचतो." अख्खा लेख त्यांनी वाचून दाखवला. पलीकडच्यांनी दुरुस्त्या सांगितल्या, सरांनी लिहून घेतल्या. काम पूर्ण.

समीरने संध्याकाळी विचारलं, "सर, कसं वाटलं ई-मेल?"

सर म्हणाले, "छान आहे. आवाज अगदी स्वच्छ येतो."

*

एक तज्ज्ञ डॉक्टर हृदयविकार टाळण्यावर अकरा पानांचा लेख घेऊन स्वतः आले. नियमाप्रमाणे उभं राहून वाचला. संपल्यावर सुशीलाबाई म्हणाल्या, "समजलं. रोज चाला, सिगरेट सोडा, दुखलं तर लगेच दाखवा. एवढंच ना?"

डॉक्टर म्हणाले, "हो... तसं एवढंच."

आम्ही एवढंच छापलं. चौकटीत, त्यांच्या नावासकट. डॉक्टरांनी पुढे सहा महिने आमच्याशी अबोला धरला. आणि सरांनी ती चौकट तपासताना "लगेच" या शब्दावरून नजर अशी काही उचलली, जणू तिथे छापलंच नव्हतं.

*

ठिबक सिंचनाच्या लेखाच्या वेळी मात्र चूक आमची झाली. बाईंनी विचारलं होतं, "नळीत माती अडकली तर?" मूळ संशोधनात त्याबद्दल काही नव्हतं. सर म्हणाले, "तो पुढचा प्रश्न." बाईंनी नाइलाजाने "बरं, समजलं" म्हटलं आणि लेख गेला.

महिन्या-दोन महिन्यांनी मांजरी गावाकडचे एक शेतकरी जिना चढून वर आले. हातात हातभर काळी नळी. ती सरांच्या टेबलावर ठेवून म्हणाले, "सायेब, तुमच्या कागदात पानी येतंय. माझ्या नळीत न्हाई येत."

सरांनी नळी उजेडाकडे धरली. आत गाळ गच्च बसलेला. सरांनी त्यांना पाणी दिलं, खुर्ची दिली, हात जोडून माफी मागितली आणि पुढच्या अंकात पहिल्या पानावर गाळणीची माहिती छापली. चूक कबूल करताना इतका मोठा झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पाहुणे गेल्यावर सुशीलाबाईंनी नळी उचलली, आतून पाहिली आणि कुणाकडेही न बघता म्हणाल्या, "नळी अडकली की पीक जळायच्या आत बघावं लागतं म्हणे."

सर म्हणाले, "हा अंक निघू दे."

"मी नळीबद्दल बोलतेय, सर."

"मीही," सर म्हणाले.

*

शेवटी एका दुपारी सर त्या मीटरपाशी खालीच बसले. चेहरा पांढराफटक. मी रिक्षा आणायला धावले. सर तेव्हाही काही पुटपुटत होते, तर सुशीलाबाई ओरडल्या, "अंक मी काढते! तुम्ही गप्प बसा!" त्यांचा चढलेला आवाज आम्ही पहिल्यांदाच ऐकला. सर निमूट रिक्षात बसले.

ऑपरेशन व्यवस्थित झालं, हे आधीच सांगून टाकते. उगाच जीव मुठीत धरून बसू नका. किस्सा त्याच्या आधीच्या अर्ध्या तासाचा आहे.

सकाळची वेळ. सरांची मुलगी अमेरिकेहून निघालेली, विमानात होती. कॉटपाशी मी आणि सुशीलाबाई. सर्जन संमतीचा कागद घेऊन आले. सरांनी तो वाचला आणि विचारलं, "हे कुणासाठी लिहिलंय?"

"पेशंटसाठी."

"मग ह्यांना समजावून सांगा. ह्यांना समजलं की मी सही करतो. आमच्याकडे तशी पद्धत आहे."

सर्जन भला माणूस होता. तो बाईंकडे वळला. "हृदयाला रक्त नेणाऱ्या तीन नळ्या अडकल्यात. पायातली शीर काढून रक्ताला नवी वाट करून द्यायची. ते करताना हृदय थोडा वेळ थांबवावं लागतं. तेवढा वेळ मशीन काम करतं. मग हृदय पुन्हा सुरू करायचं."

मला वाटलं, इतकं सोपं तर आम्हीही लिहिलं नसतं.

"नाही समजलं," सुशीलाबाई म्हणाल्या.

सर्जनने कागदाच्या मागे चित्र काढलं. हृदय, तीन नळ्या, नवी वाट, सगळं.

"नाही समजलं."

शेजारची नर्स म्हणाली, "ताई, मलासुद्धा समजलं हो."

"मला नाही."

सर्जनने तिसऱ्यांदा सांगितलं, अगदी सावकाश. थांबवताना काय करतात, सुरू करताना काय करतात. सुशीलाबाई सरांच्या पांघरुणाची कड दोन्ही हातांनी धरून उभ्या होत्या. त्यांनी मान हलवली. नाही. दाराशी स्ट्रेचर येऊन थांबलं. सर्जनने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

सरांनी हात पुढे करून सर्जनच्या खिशातलं पेन घेतलं, कागद छातीवर ठेवला आणि सही केली.

"चला, डॉक्टर," ते म्हणाले. "ह्यांना आज समजायचं नाही."