उद्याचा धक्का

जेवायला बसली की माझी बायको प्रमिला आधी आमटीकडे बघत बसायची. फोडणीच्या तेलाचे बारके थेंब एकमेकांत शिरून मोठे झाले, की चमच्याने हलकेच ढवळायची आणि पुन्हा बघायची. "अगं, जेव ना, गार होतेय." "अहो, थेंबांना घाई नाही, तुम्हालाच आहे."

तेच तिचं काम होतं. मी सातवी नापास, दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावरच्या सरकारी गेस्ट हाउसचा ड्रायव्हर. ती कॉलेजात गणित शिकवायची. मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत लोकांना या जोडीची मजा वाटे. वाटू दे. तिनं मला सांगितलं ते एवढंच: ढवळलेल्या पाण्यातून तेल आपोआप वेगळं होतं, त्यात पाणीही मनाला येईल तसं हेलकावतं. अशात कुठे, किती ढकललं म्हणजे थेंब आपल्याला हवे तसे राहतील? "आणि ढकलायचं कमीत कमी," हे ती दर वेळी जोडायची. मुलाला रागावतानाही हाच नियम.

प्रोफेसरच्या जागेसाठी तिचा इंटरव्ह्यू होता. सगळी भिस्त छापायला मंजूर झालेल्या एका पेपरवर. इंटरव्ह्यू तोंडावर आला आणि तिलाच त्यात चूक सापडली. फोनवर विभागप्रमुख म्हणाले, "मॅडम, रहने दीजिए. किसने देखना है?" मीही म्हटलं, बिल्कुल बरोबर बोलतोय तो.

"अहो, पाण्याला उद्या बसणारा धक्का मी आजच माहीत धरलाय. पुढच्या चौकात कोण आडवा येणार हे धरून गाडी चालवता का तुम्ही?"

"दिल्लीत? मरायचंय का मला?"

"मग! जेवढं दिसलंय तेवढ्यावरच स्टिअरिंग फिरवायचं. माझ्या गणितात ते उद्याचं बघून फिरतंय."

पेपर तिनं मागे घेतला. जागा दुसऱ्याला गेली. त्याला पेढे देऊन आली आणि घरी पुन्हा कागद पसरून बसली. जमायला वर्षं गेली. जमलं त्या दिवशी म्हणाली, "चला, सरोजिनी नगरला. मला लाल स्वेटर घ्यायचाय."

गेल्या थंडीत ती गेली. घर खायला उठतं. भेटायला येणारे हळहळतात, "प्रोफेसर व्हायला हव्या होत्या हो." मी त्यांच्यासमोर चूक काढून मग छापलेला तो पेपर ठेवतो. मला त्यातली एक ओळ कळत नाही. पण त्यात चूक नाही, हे ठणकावून सांगतो. तिनं तपासलाय.