सगळे चंद्र निळे

लहान मुलांच्या नाटकांचे मुखवटे करणाऱ्या बाईला आमच्या थिएटरात सगळे आक्का म्हणत. कागदाचा लगदा आणि खळ, एवढ्यावर ती राजे, राक्षस, बोकड, काहीही उभं करायची. या खेपेचं नाटक जगभरच्या चंद्रदेवांचं होतं. सुमेरचा दाढीवाला नन्ना, ग्रीकांची सेलेनी, इन्का लोकांची मामा किल्या. "नाव मामा आणि निघाली आई!" म्हणून आक्का दिवसभर हसत होती.

मुखवटे रंगले आणि दिग्दर्शकाने तिला कामावरून काढल्याचं कानावर आलं. पडद्यामागच्या कामगारांसाठी भांडणं हा माझा धंदाच. तावातावाने मी तालमीच्या खोलीत शिरले.

"म्हातारीच्या पोटावर पाय देताय?"

"आधी हे बघा."

टेबलावर चंद्र मांडलेले. सगळे निळे. सेलेनी तर बुडून मेल्यासारखी. नन्नाची दाढी तेवढी बरोबर. ती म्हणे निळ्या रत्नाचीच असते.

"पोरं घाबरून रडतील," दिग्दर्शक म्हणाला. "दोनदा सांगितलं, पांढरे करा. ही म्हणते, पांढरेच आहेत."

"आहेतच पांढरे!" कोपऱ्यातून आक्का कडाडली. "मला शिकवण्याआधी अंगातला शर्ट धू. पिवळा पडलाय."

शर्ट पांढराशुभ्र होता, नुकतीच घडी मोडलेला. खळ ढवळणाऱ्या तिच्या सुनेचा हात थांबला. माझा राग कुठल्या कुठे गेला.

"आक्का, या भिंतीचा रंग कुठला?"

"पिवळा."

"आणि माझे पिकलेले केस?"

"तेही पिवळे. तेल बदल."

भिंत चुन्याची होती. मोतीबिंदू पिकत गेला की सगळं पिवळट दिसतं, तसं तिला दिसत होतं. पांढरं दिसेपर्यंत ती बिचारी रंगात निळा ओतत गेली होती. मी सांगितलं तसं.

तिने सेलेनी उचलून डोळ्यांजवळ धरली. मग म्हणाली, "ऑपरेशन करून घेईन गं. पण तोवर माझ्या जागेवर दुसरी कुणी बसेल."

मी दिग्दर्शकाचा हात धरून सेलेनीच्या गालावर ठेवला. "डोळे मिटून बघा. असा गाल दुसरं कोण करून देणार तुम्हाला?"

त्याने हात फिरवला. हनुवटीपर्यंत गेला, परत कपाळावर आला. "आकार आक्कांनी करावेत," तो म्हणाला. "डोळे बरे होईपर्यंत रंग सुनेने द्यावा."

दुसऱ्या दिवशी गेले तर सून सेलेनी रंगवत होती आणि आक्का शेजारी.

"कुठला पांढरा देतेस?"

"पांढरा म्हणजे पांढरा, आई."

"अगं, चुन्यासारखा, दुधासारखा, की सोललेल्या लसणासारखा? नीट सांग. मला दिसत नाही."

हे ती चारचौघांत पहिल्यांदाच बोलली. सुनेने मुखवटा खिडकीपाशी नेऊन निरखला.

"लसणासारखा."

"मग दे अजून एक हात, दुधासारखा होऊ दे."