फिका रंग

मोठ्या दवाखान्यात दुसरं मत घ्यायला जाताना आपल्या गाठीचे पातळ काप लावलेल्या काचा आपणच न्यायच्या असतात. माझ्या मांडीतल्या गाठीच्या काचांची डबी ह्यांनी घरापासून छातीशी धरली होती. बाकावर नंबरची वाट बघता बघता ह्यांनी त्यातली एक काच काढली आणि खिडकीच्या उजेडाला धरली.

आमच्या डॉक्टरांनी समजावलं होतं, हा मांसल भागातला कॅन्सर आहे. ज्या पेशींना वाढायची घाई असते, त्या तपासणीत या काचांवर तपकिरी रंगतात. तपकिरी जितकं कमी, तितकी पुढची आशा जास्त.

"नुसत्या डोळ्यांना काय दिसणार आहे, अहो?" मी म्हटलं. ह्यांचं लक्षच नव्हतं.

मला आपली मेंदी आठवली. लग्नात माझी मेंदी रंगलीच नाही. नवऱ्याचं प्रेम बेताचंच दिसतंय, म्हणून नणंदांनी ह्यांना भंडावून सोडलं. ह्यांना ते इतकं लागलं, की पुढे प्रत्येक सणाला हे स्वतः मेंदी भिजवायचे, लिंबू पिळायचे, कात घालायचे. रंग काही चढला नाही. प्रेम असं रंगावरून मोजायचं कुणी ठरवलं, कोण जाणे. आता आयुष्यही तसंच मोजायचं!

"अगं, फिकीच दिसतेय," हे हळूच म्हणाले.

"फिकीच असणार. माझ्या अंगावर कधी चढलाय रंग?"

ह्यांनी काच जपून डबीत ठेवली. मग माझा तळहात हातात घेतला, आणि तोही उजेडाला धरून बघत बसले.