तेरेझाची जोडीदारीण

बांद्याच्या तेरेझाने बालवाडीत शिकवण्यात उभा जन्म काढला, निवृत्त झाली, पण मे महिन्यातला काजूबियांचा डाव काही सोडला नाही. रेघेवर बिया उभ्या करायच्या, लांबून एक थोराड बी नेम धरून मारायची, पडतील त्या आपल्या.

यंदा मात्र तिचा जीव खालीवर होत होता. तिच्या तोडीचा नेम फक्त थोरल्या नातीचा, जेनिसचा. आणि जेनिस बारा वर्षांची झाली होती. अंगणाकडे पाठ करून पायरीवर मोबाइल घेऊन बसली होती.

"ये गो," तेरेझाने हाक मारली.

"माका नको, मांय. बारक्यांचो खेळ तो."

राहिले दोन भिडू. धाकटी नात रिशेल चार वर्षांची. तिच्या लेखी बिया म्हणजे बाळं. तिने ती आजीच्या रुमालावर निजवली आणि राखण करत बसली. शेजारचा सर्वेश आठ वर्षांचा, म्हणजे ऐन नियमांच्या वयातला. रेघ आखण्यावरून तो इतका भांडला, की पहिली बी मारेपर्यंत ऊन उतरलं.

"बाळांक आंघोळ घालूची आसा," अशी रिशेलची समजूत काढून तेरेझाने बिया मांडल्या. पण लक्ष सगळं पायरीकडे. तिने मारलेली बी थेट अबोलीच्या कुंडीवर आपटली.

"म्हातारी झालंस गो आजये," सर्वेश म्हणाला. मग त्याने स्वतः मारली, ती कोंबडीला लागली.

पायरीवर कोणीतरी फिसकन हसलं. सर्वेशने पुन्हा मारली, पुन्हा हुकला. आता मात्र जेनिसला बघवेना.

"रे, हात कित्याक ताठ धरतंस?" ती उठून आली. "मी खेळूक येवक नाय हां. ह्येका शिकवूक इलंय."

"शिकव बाय," तेरेझा शक्य तितक्या कोरड्या आवाजात म्हणाली. बाराव्या वर्षी कौतुक केलं की माणूस परत पायरीवर जातं, हे तिला ठाऊक होतं.

जेनिसने बी मारली. अर्धी रेघ आडवी. रिशेल बाळं गोळा करून आंघोळीला घेऊन पळाली.

"शिकवणाऱ्यान जिंकलेली बी कोणाची?" सर्वेशने तंटा काढला.

जेनिसचं तिकडे लक्षच नव्हतं. ती रस्त्याकडे बघत होती. "फाटक लाव रे आधी. आमच्या वर्गातली संचिता हयसून जाता."

फाटक लागलं. तेरेझा पदर खोचून रेघेपाशी आली.

"माकाय शिकव गो वायच," ती म्हणाली. "माझो नेम बिघडलो."

जेनिसने मोठ्या बाईसारखा सुस्कारा सोडला, मोबाइल पायरीवर उपडा ठेवला आणि बिया नव्याने मांडायला बसली.