देवाचं लायसन

मोसंबी सोलल्याचा वास आला की माझं डोकं अजूनही तापतं. बोरी अरब गावच्या रस्त्याने शेतातून पायी परतणाऱ्या माझ्या आत्याला एका भरधाव कारने उडवलं आणि तिच्या मांडीचं हाड मोडलं. यवतमाळच्या दवाखान्यात तो कारवाला मोसंब्यांची पिशवी घेऊन आला. “देवाच्याच मनात होतं काकू. केस कायले करता? आपसात मिटवून टाकू.” आत्या पडल्यापडल्याच कडाडली, “गाडी देव चालवून राह्यलता काय? मंग त्याचं लायसन दाखव!” त्याच दिवशी आम्ही पोलिसांत तक्रार दिली, पुढे वकील लावून भरपाईचा दावा केला. कोर्टाने भरपाई दिली, पण आत्याची काठी काही सुटली नाही. त्या रस्त्यावर गाड्या आजही तशाच सुसाट सुटतात, आणि प्रत्येकीच्या काचेमागे देव बसवलेला असतो.