न दुखवणाऱ्या बाईचे रिपोर्ट

रक्ततपासणीच्या त्या लॅबमध्ये बाईंना सुया टोचता टोचता बावीस वर्षं झाली होती, आणि सगळे त्यांना ‘न दुखवणारी बाई’ म्हणत. लहान मुलं सोडाच, चांगले धट्टेकट्टे बाप्येही त्यांच्याच खुर्चीसमोर रांग लावत. "झालं? कळलंसुद्धा नाही," हे त्यांनी इतक्यांदा ऐकलं होतं की त्याचं काही वाटेनासं झालं होतं. पुढे पुढे कशाचंच वाटेनासं झालं. ते मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही, त्यांच्याही नाही.

आई गेल्यावर दोन खोल्यांत त्या एकट्याच उरल्या. पहिलं वर्ष रडण्यात गेलं. मग रडू थांबलं, तशी धाकटी बहीण फोनवर म्हणाली, सावरलीस बाई एकदाची. पण उजाडायच्या आधीच जाग यायची आणि हातपाय शिशासारखे जड व्हायचे. केलेला स्वयंपाक झाकलेलाच राहायचा. रविवारी दिवसभरात तोंडातून शब्द निघायचा नाही. सोमवारी पहिल्या पेशंटला "मूठ आवळा" म्हणताना आवाज घोगरा यायचा.

बाईंचा विश्वास आकड्यांवर. त्यांनी स्वतःचंच रक्त तपासलं. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, सगळं जागच्या जागी. मशीन बिघडलं असेल म्हणून पुन्हा तपासलं. तिसऱ्यांदा तर दुसऱ्या लॅबमध्ये जाऊन आल्या. शेजारच्या टेबलावरचा टेक्निशियन हसून म्हणाला की ताई, हे दुखणं नाही, हौस दिसतेय. तो गमतीनं बोलला, पण त्या दिवसापासून त्यांनी विषयच बंद केला. कागद नॉर्मल म्हणतोय, म्हणजे आपणच आळशी, आपणच नाटकी, अशी मनाशी खूणगाठ बांधली.

मग एकदा दोन पेशंटांच्या नळ्यांवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली. रिपोर्ट जायच्या आत चूक त्यांच्याच लक्षात आली, दोघांना परत बोलावून निस्तरलीही. पण बावीस वर्षांत हे पहिल्यांदाच घडलं होतं. लॅबच्या डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी केबिनचं दार लावून घेतलं आणि मनोविकारतज्ज्ञाचा पत्ता लिहून दिला.

तिथे बाई बाही वर सरकवूनच बसल्या. वयस्कर डॉक्टर त्यांचे रिपोर्ट चाळून म्हणाले, ती बाही राहू द्या, थायरॉइड वगैरे तुम्हीच तपासून बाजूला काढलंय, माझं अर्धं काम झालं. मग पाऊण तास ते विचारत राहिले. झोप, भूक, थकवा, कामात लक्ष, स्वतःला दोष देणं. यातलं काय कधीपासून, रोज की अधूनमधून. कधी याच्या उलट, झोप नसतानाही भलताच उत्साह संचारला होता का? दारू? छातीत धडधडून एकाएकी जीव घाबरा होतो का? एकेका ‘नाही’बरोबर एकेक आजार मागे पडत होता. ही रीत बाईंच्या ओळखीची होती.

"आईच्या आठवणीनं रडू येतं?"

"यायचं. आता तेही येत नाही."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "सकाळी जागच येऊ नये, असं वाटतं?"

बाईंनी वर सरकवलेली बाही खाली घेतली. "वाटतं. काही करायचं ठरवलेलं नाही. पण वाटतं."

हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, नैराश्य. दुःख लाटेसारखं येतं आणि ओसरतं, मध्ये माणूस हसतोही. हे मात्र कित्येक महिने मुक्काम ठोकून बसलंय आणि कामात आड येतंय, असं त्यांनी समजावलं. बाईंच्या परवानगीनं त्यांच्या बहिणीला तिथूनच फोन केला. औषधाचा गुण यायला काही आठवडे लागतील, मध्येच सोडू नका, आणि दर आठवड्याला बोलायला या, असं बजावलं.

"पण आकडा कुठंय?" बाईंनी विचारलं.

"आकडा नाही. तुमचं सांगणं आहे. मी त्यावर विश्वास ठेवलाय."

आधी झोप परतली, भूक बऱ्याच उशिरा. बहीण चार दिवस राहायला आली. काय बोलावं ते तिला कळेना, म्हणून ती कपाटं आवरत बसली. बाईंना तेवढंही बरं वाटलं. ती गेल्यावर दोन्ही खोल्या पुन्हा तेवढ्याच रिकाम्या झाल्या. गोळीनं झोप येते, माणूस येत नाही, असं बाईंनी पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी मान हलवली, खुर्ची थोडी पुढे ओढली, आणि त्या दिवशी दोघं त्यावरच बोलत बसले.