मंजुळाबाईंचं कुलपाआडचं पातेलं

झोपडीच्या बदल्यात पिंपरीतल्या इमारतीत घर मिळालं खरं, पण आपण मालकीण की भाडेकरू, हे मंजुळाबाईंना अजून उमगलेलं नाही. घर नावावर, पण ठरावीक वर्षं विकायचं नाही, भाड्यानंही द्यायचं नाही. "सासूच्या दागिन्यावानी हाय," त्या म्हणत. "घालून मिरवा, पन मोडू नका."

समोरची दिपाली मात्र सरळसरळ भाडेकरू. तिचा घरमालक चऱ्होलीला, नवरा चाकणला शिफ्टवर. घरात मूळ मालकच राहतो का याची तपासणी येणार असं कानावर आलं की दिपाली आत बसायची, दाराला बाहेरून कुलूप, किल्ली मंजुळाबाईंच्या कनवटीला. बिल्डिंगची रीतच तशी. बाकीचे भाडेकरू त्या दिवसापुरते मालकाचे भाचे होत.

परवा तपासणीला सुजित साहेब आले आणि इतक्या भाच्यांतून नेमक्या खऱ्या मंजुळाबाईच खोट्या ठरल्या. मशीनवर अंगठा उमटेना. जन्मभर लोकांची भांडी घासलेली, रेषा उरतील कशाला? साहेब बेरकी. त्यांनी फळीवरची भांडी फिरवून त्यांवर कोरलेली नावं वाचली. कुसुमताई, मोनिका, भीमराज, सगळे शेजारी. मंजुळाबाईंचं एकही नाही. आलेलं भांडं रिकामं परत द्यायचं नसतं, आणि भरून द्यायला बाईंना सवड कुठली.

"आजी, इथं राहतंय तरी कोण?"

"मीच की. माजं पातेलं..." त्या थांबल्या. वास्तुशांतीला भावानं दिलेलं, नाव घातलेलं पातेलं समोर दिपालीकडे होतं. बोलावं तर दिपाली उघडी पडते, गप्प बसावं तर घर जातं. कनवटीची किल्ली टोचायला लागली.

तेवढ्यात कुलूप लावलेलं घरच बोललं, "काकू, पातेलं माझ्याकडंय. घासून ठेवलंय."

साहेब वळले. "आत कोण आहे?"

"पातेलं," मंजुळाबाई म्हणाल्या.

कुलूप उघडलं. पातेल्यावर 'मंजुळाताईस वास्तुशांतीनिमित्त, भिमाजीकडून' आणि खाली खोलीचा नंबरसुद्धा. मंजुळाबाईंचं घर राहिलं. समोरच्या दारावर नोटीस लागली.

संध्याकाळी दिपाली बोचकं घेऊन दारात. "काकू, खोली मिळेपर्यंत राहू? भाडं देते."

"भाडं दिलंस तर मी बी भाईर. पाव्हनी म्हून ऱ्हा."

पातेल्यात दोघींचा भात चढला आणि मंजुळाबाई पुन्हा गोंधळल्या. पाहुणी किती दिवस चालते, हे साहेबांना विचारायचं राहूनच गेलं होतं.